हिमालयन, ३९० अ‍ॅडव्हेंचर की व्ही-स्ट्रॉम एसएक्स : दहा वर्षं कोण टिकेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहणारा माणूस, रोज ऑफिसला जाऊन-येऊन, महिन्या-दीड महिन्यातून कोकणात किंवा महाबळेश्वरकडे एखादी फेरी, आणि पुढेमागे लडाख नाहीतर स्पिती. गाडी दहा वर्षं ठेवायची, म्हणजे ऐंशी हजार ते लाखभर किलोमीटर रनिंग धरायचं. यादीत चार मोटरसायकली आहेत : २०२१ ची वापरलेली रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११, त्याच वयाची केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर, नवी सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि नवी हिमालयन ४५०. यातली कमी त्रास देऊन कोणती जास्त चालेल?

माझं स्वतःचं गॅरेज आहे आणि लांबच्या सफरींना निघणाऱ्या गाड्यांची तपासणी हे माझ्या कामाचं मोठं अंग आहे. त्या अनुभवावरून सांगतो, इंजिन चारही गाड्यांचं टिकेल. माणूस कंटाळून गाडी विकायला काढतो तो रिंग-पिस्टन गेल्यामुळे फार क्वचित. तो कंटाळतो कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), वाकलेली रिम, पावसात दगा देणारं वायरिंग, गळणारं कूलंट आणि महिनाभर न आलेला एखादा छोटा सुटा भाग यांना. पण तुलना निघाली की बोलणं अश्वशक्तीवरच अडकतं. म्हणून आधी इंजिनाचा विषय संपवून टाकू.

हिमालयन ४११ च्या इंजिनातून साधारण साडेचोवीस अश्वशक्ती निघते, म्हणजे लिटरमागे साठच्या आसपास. ३७३ सीसीची ३९० अ‍ॅडव्हेंचर लिटरमागे ११५ च्या पुढे जाते, एसएक्स १०५ च्या आसपास, आणि ४५० जवळपास ८८. हे आकडे पाहिले की लोक लगेच म्हणतात, ४११ आरामात चालते म्हणून ती जास्त टिकणार. आता दुसरा आकडा घ्या, पिस्टनच्या सरासरी वेगाचा. ४११ चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७८ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका फेरीतली धाव, तब्बल ८६. साडेसहा हजार आरपीएमला, जिथे तिची पूर्ण ताकद मिळते, पिस्टन सेकंदाला साधारण १८.६ मीटर धावतो. केटीएमचा स्ट्रोक फक्त ६० मिलिमीटर, त्यामुळे नऊ हजारांवरही तो वेग १८ च राहतो. एसएक्सचा स्ट्रोक ५४.९ आणि ९,३०० आरपीएमला वेग १७. सगळ्यात जास्त निघतो तो हिमालयन ४५० चा : ८१.५ चा स्ट्रोक, आठ हजार आरपीएम, जवळपास २१.७ मीटर. म्हणजे 'आरामात चालणारं' इंजिन शेवटापर्यंत पिळलं की त्याचा पिस्टन केटीएमच्या पिस्टनइतकाच पळत असतो.

मग फरक पडतो कशाने? तुम्ही त्या इंजिनाकडून रोज किती मागता त्याने. अशी उंच गाडी, बसलेला माणूस, थोडं सामान असं धरून ताशी १०० ला हवा कापायला आणि टायरचं घर्षण सोसायला माझ्या हिशेबाने चाकाशी तेरा-चौदा अश्वशक्ती लागते. १२० ला तीच गरज बावीसच्या घरात जाते. हवेचा विरोध तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, त्याला इलाज नाही. ४११ ला १०० वर अर्ध्याहून जास्त ताकद द्यावी लागते आणि १२० वर तिच्याकडे जवळजवळ काहीच उरत नाही. केटीएम १०० वर एकतृतीयांशाच्या आसपास ताकद वापरते. म्हणून तीच ४११ एकाकडे ८०-८५ ने वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालते आणि दुसऱ्याकडे सामानाच्या पेट्यांसकट ११५ ने पळवल्यावर तेल खायला लागते. सातारा-कोल्हापूर-बेळगाव हा तुमचा नेहमीचा रस्ता असेल आणि हात सैल सोडायची सवय असेल, तर '४११ साधी आहे म्हणून टिकते' या वाक्याचा तुम्हाला उपयोग नाही. घाट, कोकणातले आतले रस्ते, लडाखचे कच्चे पट्टे इथे मात्र ते वाक्य पुरेपूर खरं आहे. (मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, समृद्धीवरही. त्यामुळे महाराष्ट्रात तासन् तास १२० ने जायची संधी मुळातच कमी.)

पुढचा मुद्दा उष्णतेचा. ४११ हवेवर आणि तेलावर थंड होते, एसएक्सही तेलावर. केटीएम आणि ४५० यांना रेडिएटर आहे. कूलंटवालं इंजिन तापमान एका पट्ट्यात ठेवतं आणि त्याने पिस्टन-सिलिंडरचं आयुष्य वाढतं, हे बरोबरच आहे. त्याबरोबर पाण्याचा पंप, पंपाचा सील, थर्मोस्टॅट, पंखा, पंख्याचा रिले, होजपाइप, रेडिएटरची टोपी एवढी पात्रं गाडीवर येतात. यातलं एकेक स्वस्त आहे, टिकाऊही आहे, पण दहा वर्षांत त्यातलं काही ना काही बदलावं लागणार हे धरून चाला. कूलंट वेळेवर न बदलता वर नळाचं पाणी ओतत राहिलं की रेडिएटर आतून गंजतो आणि चूक इंजिनाच्या नावावर जाते. पुढच्या चाकाने उडवलेला दगड रेडिएटरला लागू नये म्हणून जाळी बसवा. या यादीतल्या गाड्यांसाठी घ्यायच्या अ‍ॅक्सेसरीजमध्ये तिचा नंबर मी पहिला लावतो, फॉगलाइटच्याही आधी.

तेलावर थंड होणाऱ्या इंजिनाचं सगळं ओझं तेलावर असतं. ४११ बाजारात आली तेव्हा दर दहा हजार किलोमीटरला तेल बदला असं कंपनीने सांगितलं होतं. मोकळ्या रस्त्यावर एका लयीत चालणाऱ्या गाडीला ते चालतं. कर्वे रोड, सिंहगड रोडच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या गाडीला मी पाच-सहा हजारांच्या पुढे जाऊ देत नाही, आणि मधल्या काळात काचेतून पातळी बघायला सांगतो. तेल जुनं झाल्यामुळे बसलेली इंजिनं कमी पाहिली. पातळी खाली गेलेली कोणी पाहिलीच नाही, म्हणून बसलेली पुष्कळ पाहिली.

टॅपेटबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातल्या बारीक फटीबद्दल, जरा सविस्तर सांगतो, कारण दहा वर्षांच्या हिशेबात हे काम इंजिनाचं भवितव्य ठरवतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नाही. ४११ ला एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), रॉकर, आणि स्क्रू-नटवर घट्ट-सैल होणारे टॅपेट. थंड इंजिन, फट मोजायच्या पट्ट्या (फिलर गेज), दोन पाने, आणि हात बसलेला माणूस, की काम झालं. पुण्यापासून हिमाचलमधल्या केलाँगपर्यंत कुठलाही जाणता मिस्त्री ते करू शकतो. केटीएमला दोन कॅमशाफ्ट आहेत आणि फट जुळवायला शिम, म्हणजे ठरावीक जाडीच्या चकत्या, लागतात. टाकी उतरवा, आजूबाजूचा पसारा सोडवा, फट मोजा, हिशेब करून योग्य जाडीचा शिम शोधा, कॅम परत बसवा, टायमिंग तपासा. ते तास-दोन तासांत उरकणारं काम नाही, आणि घाईच्या सर्व्हिसिंगमध्ये ते कागदावर खूण करून सोडून दिलं जातं. वापरून वापरून व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसतो, तशी फट वाढत नाही, कमी होते. फट कमी होताना आवाज येत नाही, उलट इंजिन अधिक शांत वाटतं. मग एक दिवस गाडी सकाळी थंडीत चालू व्हायला नाटकं करते आणि तोवर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळायला लागलेला असतो.

याच कारणाने 'टॅपेटचा आवाज येतोय, जरा घट्ट करून द्या' असं म्हणणाऱ्या ग्राहकाला मी नाही म्हणतो. स्क्रूचे टॅपेट सोपे असण्याचा हा तोटा आहे, ते बिघडवणंही तितकंच सोपं. वापरलेली ४११ घेताना ती जरा जास्तच गप्प वाटली तर फट मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता इंजिनाबाहेर येऊ. माझ्या मते खरी तुलना इथेच होते.

कोनसेट. हिमालयन ४११ चा हा सगळ्यांना माहीत असलेला कच्चा दुवा आहे. हँडलच्या बुडाशी गोळ्यांचं बेअरिंग, समोर २१ इंची चाक, गाडीचं वजन १९९ किलो, आणि खड्ड्यात उभं राहून जोरात नेण्याची मालकांची हौस. त्या गोळ्या वाटीत आपापल्या जागी खळगे पाडतात. बरेच मालक त्या जागी टेपर रोलरचा, म्हणजे गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असलेल्या बेअरिंगचा, संच बसवून घेतात. नीट दाबून बसवला आणि ग्रीस भरलं तर तो प्रश्न बराच काळ विसरता येतो. हा दोष गाडी नाकारण्याएवढा नाही. किंमत करताना तेवढे पैसे कमी करायचे आणि घरी आणल्यावर पहिलं काम ते करून घ्यायचं. नव्या एसएक्सचं वजन १६७ किलो आहे, म्हणजे ४११ पेक्षा बत्तीस किलोने कमी. हा फरक जाहिरातीत कोणी मोठ्याने सांगत नाही, पण चाकाचं बेअरिंग, ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट, फोर्कचे बुश यांना तो रोज कळतो.

चाकं. ४११ ला स्पोकची चाकं आणि आत ट्यूब. जुन्या ३९० अ‍ॅडव्हेंचरला आणि एसएक्सला पुढे १९, मागे १७ इंची अलॉय, ट्यूबलेस. (केटीएमने स्पोकची आवृत्ती २०२३ मध्ये आणली.) शहरात आणि हायवेवर ट्यूबलेस अलॉय सोयीची : पंक्चर झालं की पट्टी घाला आणि निघा. धारदार कडेच्या खड्ड्यात जोरात गेलात तर अलॉयचा काठ दुमडतो, हवा धरत नाही, आणि ती सरळ करणारा माणूस पुण्यात मिळतो, स्पितीतल्या काझ्यात मिळेलच असं नाही. स्पोकची रिम आऊट झाली तर कुठल्याही तालुक्याच्या गावी ट्रू करून मिळते. बदल्यात स्पोक ढिले झालेत का हे तुम्हाला बघत राहावं लागतं आणि भर पावसात वरंध घाटात ट्यूब काढायची तयारी ठेवावी लागते. तुमच्या वापरात नव्वद टक्के डांबर आहे, म्हणून मी अलॉयच्या बाजूने आहे. मात्र मोठ्या सफरीला टायरमध्ये हवा भरपूर ठेवा. कच्च्या रस्त्यावर पकड वाढावी म्हणून हवा सोडण्याचा सल्ला अलॉयवाल्याने जपून घ्यावा, कारण दगड सरळ रिमला भेटतो.

मागचं सस्पेन्शन. ४११ ला मागच्या शॉकअपखाली लिंकेज, म्हणजे शॉकअप आणि मागचं चाक यांना जोडणारी दांड्यांची रचना, आहे. त्यातल्या बुश-बेअरिंगला ग्रीस लागतं आणि ते बहुतेक गाड्यांना आयुष्यात एकदाही मिळत नाही, कारण ते दिसत नाही. पावसाळ्यातला चिखल, त्यावर प्रेशर वॉशरचा मारा, मग चुंईचुंई आवाज आणि शेवटी मागून गाडी हलायला लागणं. ३९० आणि एसएक्सला लिंकेज नाही, शॉकअप थेट बसवलेला आहे. चालवताना लिंकेजचा मऊपणा कळतो, देखभालीत त्याचा अभाव सुखाचा असतो. केटीएमचा पुढचा उलटा फोर्क खूप छान काम करतो, पण त्याची चकचकीत नळी खाली, दगड-चिखलाच्या टप्प्यात असते. नळीला टोचा पडला की नवा सीलही टिकत नाही. ४११ च्या साध्या फोर्कवर रबरी घडीचं आवरण आहे. दिसायला जुनाट आहे, पण सील वाचवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स. ४११ आणि एसएक्सला थ्रॉटलची केबल आहे. ३९० आणि ४५० ला राइड-बाय-वायर, म्हणजे मूठ सेन्सरला सांगते, सेन्सर ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला), आणि मोटर थ्रॉटल उघडते. ३९० वर त्याशिवाय झुकाव ओळखणारं ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस आहे. ही यंत्रणा मूळची नाजूक नसते. तिचे शत्रू तीन : पाणी, प्रेशर वॉशर आणि फॉगलाइट लावून देणारा घाईतला इलेक्ट्रिशियन. रिले न लावता मूळ वायर तासून जोड दिला की तो जोड दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो, आणि मग कुठल्या तरी भलत्याच सेन्सरचा दिवा लागतो. स्पितीच्या एका सफरीत ओढा ओलांडल्यावर गटातली एक गाडी बंद पडली. ती कुठल्या कंपनीची होती ते महत्त्वाचं नाही. सगळे एअर फिल्टर खोलायला निघाले होते. पाणी शिरलं होतं साइड स्टँडच्या स्विचच्या कनेक्टरमध्ये, आणि गाडीला वाटत होतं की स्टँड खाली आहे. कनेक्टर सोडवला, फुंकून कोरडा केला, गाडी चालू. हा स्विच चारही गाड्यांना आहे. लांबच्या सफरीआधी मी तो कनेक्टर, क्लचच्या स्विचचा कनेक्टर आणि फ्यूजची पेटी उघडून कोरडी करून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावतो. हे करून घ्या, खर्च किरकोळ आहे.

गाड्यांच्या बाबतीत लोकांचं बोलणं आणि गाडीची वागणूक यांत किती अंतर असतं ते एका जुन्या पाहणीत चांगलं दिसतं. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेने वाचकांकडून गोळा केलेली हजारो मोटरसायकलींची माहिती २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. चार वर्षं जुन्या गाड्यांत बिघाडाचं प्रमाण यामाहाचं ११ टक्के, सुझुकी आणि होंडाचं १२, कावासाकीचं १५. ट्रायम्फ २९, डुकाटी ३३ आणि बीएमडब्ल्यू ४० टक्के. आणि याच पाहणीत 'हीच गाडी पुन्हा घ्याल का' याला हो म्हणणारे बीएमडब्ल्यूवाले ६८ टक्के, होंडावाले ७०. बिघाड तिपटीहून जास्त, समाधान जवळपास सारखं! पाहणी अमेरिकेतली आहे, मोठ्या गाड्यांची आहे, आता जुनी झाली आहे. त्यातले आकडे आपल्याकडच्या ३९०-४११ ला लावू नका. पण 'माझी गाडी बेस्ट आहे, एक रुपयाचा खर्च नाही' असं सांगणाऱ्या मालकाला ती गाडी आवडते एवढंच त्यातून कळतं, हे लक्षात ठेवा. मी मालकाला मत विचारत नाही. बिलं दाखवायला सांगतो.

परत मागवलेल्या गाड्यांच्या बातम्यांचंही तसंच. डिसेंबर २०२० मध्ये रॉयल एनफिल्डने ब्रिटन, युरोप आणि दक्षिण कोरियात हिमालयन, इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेन्टल जीटी मिळून सुमारे १५,२०० गाड्या ब्रेक कॅलिपरच्या कामासाठी बोलावल्या. हिवाळ्यात तिथल्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्याने कॅलिपर आतून गंजत होता. आपल्याकडे रस्त्यावर मीठ नाही, पण खारा वारा आहे. रत्नागिरी-मालवणला गाडी नेऊन आणणाऱ्यांनी, आणि तिकडेच राहणाऱ्यांनी तर नक्कीच, वर्षातून एकदा कॅलिपर उघडून पिस्टन साफ करून घ्यावेत, गाडी कुठलीही असो. दुसरं उदाहरण २०२५ चं. ४११ च्याच इंजिनावरून वाढवून केलेल्या स्क्रॅम ४४० ची विक्री सुरू झाल्यावर लवकरच थांबवावी लागली, कारण मॅग्नेटोकडची (गाडीची वीज तयार करणाऱ्या भागाकडची) वुड्रफ की, म्हणजे शाफ्टवरची चिमुकली लोखंडी खिट्टी, काही गाड्यांत दगा देत होती. बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू होत नव्हतं. इतकं मुरलेलं इंजिन, आणि अडलं कशावर, तर नखाएवढ्या खिट्टीवर. महागड्या गाड्यांचीही सुटका नाही : आर १२०० आणि १२५० जीएसच्या मागच्या शाफ्टमध्ये ओल साठून जोड गंजतो म्हणून बीएमडब्ल्यूने तो तपासण्याची आणि ६०,००० किलोमीटरला बदलण्याची मोहीमच काढली. शाफ्टला देखभाल लागत नाही म्हणून चेनवाल्यांना हिणवणारे तेव्हापासून जरा शांत आहेत.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिलं वर्ष कुठल्याही नव्या मॉडेलचं परीक्षेचं असतं. आणि बोलावणं आलं म्हणजे गाडी वाईट, असं नाही. तुम्ही घेताय त्या चेसिस नंबरवर ते काम झालंय का, एवढाच प्रश्न विचारायचा.

सुट्या भागांचं. हिमालयन ४११ मार्च २०१६ ते २०२३ अखेर विकली गेली आणि तेच इंजिन स्क्रॅम ४११ मध्येही होतं. रस्त्यावर एवढ्या गाड्या आहेत की पुढची बरीच वर्षं भाग मिळत राहतील, कंपनीकडेही आणि बाहेरही. एसएक्सचं २४९ सीसीचं इंजिन सुझुकीच्याच जिक्सर २५० मधून आलेलं, त्यामुळे तीही एकटी नाही. केटीएमबद्दल लोक घाबरून विचारतात, कारण ऑस्ट्रियातली मूळ कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली होती. पण ३९० तयार होते चाकणला, बजाजच्या कारखान्यात, आणि पुढे बजाजनेच पैसा ओतून कंपनी सावरली. मला काळजी वेगळीच वाटते : जानेवारी २०२५ मध्ये आलेली नवी ३९० अ‍ॅडव्हेंचर ३९९ सीसीच्या इंजिनाची, नव्या चेसिसची आहे. तुम्ही बघताय ती ३७३ ची जुनी पिढी झाली. केटीएमच्याच ड्यूक आणि आरसी या गाड्यांमुळे तिचे इंजिनाचे भाग मिळतील. अ‍ॅडव्हेंचरचेच असलेले भाग, म्हणजे पॅनेल, टाकी, फोर्क, डिस्प्ले यांची किंमत घेण्याआधी काउंटरवर विचारून घ्या. बीएमडब्ल्यू जी ३१० जीएस तुमच्या यादीत नाही ते बरं. तिची विक्री २०२५ मध्ये भारतात थांबली.

पेट्रोलचा मुद्दा जुन्या गाडीला लागू आहे. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं आणि त्याला चालणारे रबर-प्लास्टिकचे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांना आहेत. २०२१ ची गाडी त्याआधीची. ती उद्या बंद पडेल असं नाही, पण इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात महिनाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिलेली गाडी पंप आणि इंजेक्टरची कामं काढते. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, आणि इंधनाचा पाइप व सील सर्व्हिसिंगला तपासून घ्या.

आता निवड. तुमच्या वापराला, दहा वर्षांच्या हिशेबाने, मी नवी व्ही-स्ट्रॉम एसएक्स घेईन. ती हलकी आहे, कूलंट नाही, लिंकेज नाही, थ्रॉटलला केबल आहे. बिघडण्यासारखं तिच्यावर मुळातच कमी आहे. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के झाल्याने किमतीतही ती सुटते. तिच्याकडून लडाखच्या खडकाळ वाटांवर हिमालयनसारखी ऐट अपेक्षित करू नका. सावकाश जाल तर ती नेऊन आणेल. घाटात मागे माणूस आणि सामान दोन्ही असेल तर मात्र दम कमी पडतो, आणि सफरी जोडीने करायच्या असतील तर माझं उत्तर बदलतं.

तसं असेल तर हिमालयन ४५०. इंजिन नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेलं, लाखभर किलोमीटर झालेल्या गाड्या अजून गॅरेजमध्ये पुरेशा आलेल्या नाहीत, म्हणून तिच्या म्हातारपणाबद्दल मी शपथेवर काही सांगणार नाही. नवी घ्या, वाढीव वॉरंटीसकट घ्या, आणि वॉरंटी असेपर्यंत वायरिंगला बाहेरच्या कोणाचा हात लागू देऊ नका.

वापरलेल्या दोघींत ४११, तीही बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची), म्हणजे २०२० पासूनची. २०१६-१७ च्या कार्ब्युरेटरवाल्या पहिल्या गाड्या स्वस्त मिळतात, त्या छंदासाठी ठीक. ३९० अ‍ॅडव्हेंचर चालवायला या सगळ्यांत मजेदार आहे, यात वाद नाही. पण ती पहिल्या मालकाकडून, सगळ्या बिलांसकट, शिमचं काम झालेलं कागदावर दिसत असेल तरच. हात बदललेली आणि एक्झॉस्ट-ईसीयूशी खेळलेली ३९० कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगा, गाडी गरम करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर चहा पिऊन या, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन स्वतः चालू करा. पुढचं चाक उचलून हँडल अगदी सावकाश एका बाजूकडून दुसरीकडे न्या. मध्यावर खाच लागल्यासारखं अडलं तर कोनसेट गेला. तसंच चाक धरून आडवं हलवा, मग फिरवून रिमच्या काठाकडे बघा. ४११ असेल तर स्पोकवर पाना हलकेच वाजवत जा, ढिला स्पोक वेगळा आवाज देतो. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढून बघा, दात उघडे पडले तर चेन-स्प्रॉकेटचे पैसे किमतीतून वजा. ३९० ची कूलंटची बाटली बघा, रंग तपकिरी असेल तर आत काय असेल त्याची कल्पना येईल. फोर्कच्या नळीवर नख फिरवा. शेवटी सीट काढा आणि वायरिंगवर काळी इन्सुलेशन टेप किती ठिकाणी गुंडाळलेली आहे ते मोजा. दोनपेक्षा जास्त निघाल्या तर भाव सांगायच्या आधी माझ्यासारख्या कोणाला तरी सोबत घेऊन परत जा.